भविष्याची चाहूल आणि उत्तराची घटिका

उद्या घडणारी गोष्ट माणसाला आज कळू शकते का? गेली नव्वद वर्षे संशोधक प्रयोगशाळेत याचा शोध घेत आहेत. या शोधाला सर्वांत जास्त छळले ते एका साध्या प्रश्नाने: अंदाज करणाऱ्याला बरोबर उत्तर केव्हा आणि कसे सांगायचे?

‘मला वाटलंच होतं!’ हे उद्गार जिथे कधी ऐकू आले नाहीत असे घर विरळाच. दूरगावी असलेल्या भावाची आठवण यावी आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन यावा. पहाटे वाईट स्वप्न पडावे आणि दुपारी अशुभ बातमी येऊन थडकावी. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे म्हणून वडीलधारी माणसे समजूत घालतात खरी; पण मनाने चिंतलेले खरे ठरले की तीही क्षणभर गप्प होतात.

हा निव्वळ योगायोग, की मनाला खरोखरच पुढचे काही दिसते? घडणाऱ्या गोष्टीची आधीच, कोणत्याही तर्काविना किंवा माहितीविना जाणीव होणे याला संशोधक पूर्वज्ञान म्हणतात. ते तपासण्यासाठी जे प्रयोग झाले त्यांत ‘फीडबॅक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला प्रत्याभरण म्हणतात. अर्थ सोपा आहे. मुलाने सोडवलेले गणित बाई तपासतात आणि वही परत देतात. कोणते बरोबर, कोणते चूक हे मुलाला कळते. हेच प्रत्याभरण.

पूर्वज्ञानाच्या प्रयोगात या वही परत देण्याला कमालीचे महत्त्व आहे. वही वेळेवर मिळाली तर शिकायला मदत होईल, असे काही संशोधकांना वाटले. वहीतून पुढची उत्तरेही फुटतात, असे काहींनी दाखवून दिले. आणि काहींनी तर असा तर्क केला, की मनाला जे आधी दिसते ते घटनेचे नसतेच. पुढे हातात पडणाऱ्या त्या वहीचेच ते दर्शन असते!

स्वप्नातले चार हजार

हा शेवटचा तर्क विचित्र वाटेल, पण त्यामागे एक गाजलेले स्वप्न आहे. जॉन विल्यम डन हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. पुढे विमानांचे आराखडे करणारे अभियंता म्हणून त्यांचे नाव झाले. १९०२ साली ते दक्षिण आफ्रिकेतील छावणीत होते. एका रात्री त्यांना स्वप्न पडले. आपण एका बेटावर आहोत, बेटाचा ज्वालामुखी फुटणार आहे आणि लोकांना हलवण्यासाठी जहाजे पाठवा म्हणून आपण फ्रेंच अधिकाऱ्यांच्या विनवण्या करतो आहोत. ‘चार हजार माणसे मरतील,’ असे ते स्वप्नात ओरडून सांगत होते.

काही दिवसांनी छावणीत ‘डेली टेलिग्राफ’चा अंक आला. त्यात कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावरील माउंट पेले ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी होती. डन यांनी घाईत मथळा वाचला आणि ते थक्क झाले. मृतांचा आकडा चार हजार! पुढे सुमारे पंधरा वर्षे ते हेच सांगत राहिले. मग एकदा त्या बातमीची नक्कल करताना त्यांच्या लक्षात आले, की मथळ्यात चार नव्हे, चाळीस हजार लिहिले होते. त्यांनी एक शून्य कमी वाचले होते. आणि त्या दुर्घटनेत प्रत्यक्षात मृत्यू पावले ते सुमारे अठ्ठावीस ते तीस हजार लोक.

म्हणजे स्वप्नातला आकडा घटनेशी जुळत नव्हता, बातमीशीही जुळत नव्हता. तो जुळत होता फक्त डन यांच्या चुकीच्या वाचनाशी. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की स्वप्नाला ज्वालामुखी दिसलाच नाही. आपण स्वतः पुढे जे वाचणार होतो तेच आधी दिसले. दुसरी शक्यता त्यांनाही सुचली होती. बातमी वाचल्यावर, ‘हे आपण स्वप्नात पाहिले होते’ असा मनाने करून घेतलेला तो भास असेल का? ही शंका फेडायची तर एकच उपाय होता. जाग येताच, बातमी हाती पडण्यापूर्वी स्वप्न लिहून ठेवायचे. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन एक्स्पेरिमेंट विथ टाइम’ या पुस्तकात त्यांनी वाचकांनाही तेच करायला सांगितले.

पंचवीस पत्त्यांचा खेळ

त्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, जोसेफ बँक्स ऱ्हाइन हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आले. अतींद्रिय शक्तींचा विषय बैठकीच्या खोलीतून प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे सहकारी कार्ल झेनर यांच्या नावाने ओळखले जाणारे पत्ते त्यांनी वापरले. वर्तुळ, अधिकचे चिन्ह, नागमोडी रेषा, चौकोन आणि चांदणी अशी पाच चित्रे. प्रत्येकाचे पाच पत्ते, एकूण पंचवीस. डोळे मिटून अंदाज केले तरी पंचवीसपैकी सरासरी पाच बरोबर येणारच. त्याहून सातत्याने जास्त आले, तरच विचार करायचा.

१९३३ च्या अखेरीस ऱ्हाइन यांनी खेळ उलटा केला. पत्ते पिसण्याआधीच, पिसल्यानंतर त्यांचा क्रम काय असेल ते सांगायचे! अंदाज कागदावर लिहून झाले की मग पत्ते पिसायचे आणि ताडून पाहायचे. पुढे पिसणाऱ्या माणसाच्या हाताचाही भरवसा नको म्हणून यंत्र आले. पत्ते कुठे कापायचे हे ठरवण्यासाठी वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या तापमानाच्या आकड्यांचाही आधार घेतला गेला.

या परंपरेचा एक धागा भारतातही आला. ऱ्हाइन यांच्याबरोबर काम केलेले प्रा. के. रामकृष्ण राव यांनी १९६७ मध्ये आंध्र विद्यापीठात मानसशास्त्र व परामानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे अमेरिकेतील ऱ्हाइन यांच्या संस्थेचेही नेतृत्व केले.

ऱ्हाइन यांच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. सुरुवातीला भरपूर गुण मिळवणारी व्यक्ती पुढे सामान्य पातळीवर येई. कंटाळा, थकवा, नशिबाचा फेरा, प्रयोगातील कडक होत गेलेले नियम अशी अनेक कारणे सांगितली गेली. चार्ल्स टार्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली वेगळेच कारण मांडले.

शिक्षक की चोरवाट?

टार्ट यांचे म्हणणे कोणत्याही आईला पटेल असे होते. मुलाकडून रोज शंभर गणिते करून घ्यायची आणि वही कधीच तपासायची नाही, तर मूल शिकेल कसे? उलट जे येत होते तेही विसरेल. पत्त्यांच्या प्रयोगात नेमके हेच घडते, असे ते म्हणाले. माणूस शेकडो अंदाज करतो. त्यातला कोणता आतून ‘कळलेला’ आणि कोणता उगाच ठोकलेला, हे त्याला उमगत नाही. प्रत्येक अंदाजानंतर ताबडतोब उत्तर सांगा, म्हणजे खरी जाणीव कशी असते हे तो ओळखायला शिकेल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत त्यांनी दहा दिव्यांचे यंत्र तयार केले. दुसऱ्या खोलीतील व्यक्ती कोणत्या दिव्याकडे लक्ष लावून बसली आहे हे ओळखायचे. बटन दाबताच खरा दिवा उजळे. प्रयोग परचित्तज्ञानाचा होता, पण प्रत्याभरणाचा प्रश्न तोच होता. दहा जणांनी मिळून पाच हजार अंदाज केले आणि योगायोगाच्या अपेक्षेहून पुष्कळ जास्त बरोबर आले. १९७६ मध्ये टार्ट यांनी यावर पुस्तक लिहिले.

त्याच विद्यापीठातील तीन गणितज्ञांनी मग यंत्राने काढलेल्या आकड्यांची यादीच तपासली. दहा आकड्यांच्या खऱ्याखुऱ्या सोडतीत एकच आकडा लागोपाठ दोनदा येण्याचे प्रसंग पाच हजारांत सुमारे ५०० असायला हवेत. यादीत ते १९३ च होते. कारण काहीही असो, मागचा दिवा पुन्हा क्वचितच लागत होता. आणि मागचा दिवा कोणता, हे प्रत्येक वेळी कोण सांगत होते? ते ताबडतोब मिळणारे उत्तर! एकदा आलेले लगेच पुन्हा येणार नाही असे मानण्याकडे माणसाचा कल असतोच. इथे तो कल फायद्याचा ठरत होता. एवढ्याने सारे यश उलगडत नाही, असे टार्ट म्हणाले आणि त्यात तथ्यही होते. पण सुधारलेल्या व्यवस्थेत पुन्हा प्रयोग केला तेव्हा ते यश हाती लागले नाही.

हाच धोका गणितज्ञ पर्सी डायकॉनिस यांनी १९७८ साली पत्त्यांच्या बाबतीत आकड्यांनिशी मांडला. रमी खेळणाऱ्याला तो चटकन समजेल. पडलेले पत्ते ध्यानात ठेवणाऱ्याला हातात काय येऊ शकते याचा अंदाज असतोच. झेनरच्या पंचवीस पत्त्यांत प्रत्येक अंदाजानंतर पत्ता उलटून दाखवला आणि जे चित्र सर्वांत जास्त शिल्लक आहे तेच दर वेळी सांगितले, तर सरासरी पाच नव्हे, ८.६५ अंदाज बरोबर येतात. शेवटचा पत्ता तर हमखास ओळखता येतो. यात ना दिव्यदृष्टी, ना लबाडी; नुसती आठवण. सुट्टीत मुलांना घेऊन घरीच पाच चित्रांचे पंचवीस पत्ते करून पाहा. एकदा पत्ते न दाखवता आणि एकदा दाखवत असे वीस-वीस डाव मांडले, की फरक डोळ्यांना दिसेल.

म्हणजे शिक्षक म्हणून बोलावलेले प्रत्याभरण चोरवाटही उघडून देते. ही वाट बंद करायची तर प्रत्येक सोडत आधीच्या सोडतीपासून पूर्णपणे स्वतंत्र असायला हवी.

चार दिव्यांचे यंत्र

भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट श्मिट हे सिएटल येथे बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत होते. १९६९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार रंगांचे चार दिवे आणि चार बटने होती. पुढचा दिवा कोणता लागेल हे ओळखून बटन दाबायचे. दिवा ठरत असे तो बटन दाबल्यानंतर, आणि तोही स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सर्गी पदार्थातून कण केव्हा बाहेर पडतो त्यावर. हा क्षण कोणालाही आधी सांगता येत नाही. इथे मागची आठवण ठेवून काही उपयोग नव्हता.

निवडक तिघांनी मिळून त्रेसष्ट हजारांवर अंदाज केले. योगायोगाने २५ टक्के बरोबर यायला हवे होते. आले सुमारे २६.१ टक्के. फरक दिसायला चिमूटभर, पण इतक्या मोठ्या संख्येत तो सहज येण्यासारखा नव्हता. मात्र असे यश इतर प्रयोगशाळांत सातत्याने मिळाले नाही, आणि शास्त्रात दुसऱ्याच्या हातूनही तेच घडावे लागते.

या यंत्राने डन यांचा प्रश्नही नव्याने उभा केला. बटन दाबताच दिवा लागतो आणि तो डोळ्यांना दिसतो. मग मनाला आधी काय जाणवले असेल? यंत्रात घडणारी घटना, की स्वतःचे पुढचे पाहणे? हे ठरवायचे तर काही अंदाजांचे उत्तर माणसाला कधीच सांगायचे नाही आणि दोन्ही गटांची तुलना करायची. कोणत्या अंदाजांचे उत्तर लपवायचे हेही आधीच ठरवून ठेवायचे. शेवटची अट महत्त्वाची आहे. का, ते चांदीच्या बाजारात कळले.

नऊ वेळा नफा, मग घसरण

१९८२ साली रसेल टार्ग आणि कीथ हॅरारी यांनी अमेरिकेत चांदीच्या वायद्यांवर पूर्वज्ञानाचा प्रयोग केला. पद्धत मोठी चतुर होती. भाव चढला तर एक वस्तू, उतरला तर दुसरी, असे आधी ठरवायचे. ‘द्रष्ट्या’ला यातले काही सांगायचे नाही. काही दिवसांनी त्याच्या हातात एक वस्तू ठेवली जाईल, ती कशी असेल याचे फक्त वर्णन करायला सांगायचे. वर्णन ज्या वस्तूशी जुळेल त्याप्रमाणे सौदा करायचा. बाजार बंद झाल्यावर खऱ्या भावाची वस्तू द्रष्ट्याच्या हातात द्यायची. म्हणजे सारी मदार त्या शेवटच्या प्रत्याभरणावर!

त्यांच्या सांगण्याप्रमाणे नऊपैकी नऊ अंदाज बरोबर आले आणि सुमारे १,२०,००० डॉलरचा फायदा झाला. १९८४ मध्ये वृत्तपत्रांतून याची मोठी चर्चा झाली. पण दुसऱ्या फेरीत अंदाज चुकले. मग कारण सांगितले गेले, की घाईघाईने जास्त सौदे केले, त्यामुळे आधीची वस्तू हातात पडण्यापूर्वीच पुढचा अंदाज करावा लागला.

कारण ऐकायला पटते. अडचण एवढीच, की ते पैसे गेल्यावर सुचले. अंदाज बरोबर आले की शक्ती खरी आणि चुकले की प्रत्याभरण उशिरा मिळाले, असा हिशेब ठेवला तर शक्ती कधीच खोटी ठरणार नाही. उशीर हेच कारण असेल तर तसा अंदाज आधी लिहून ठेवून, अर्ध्या वेळा वस्तू वेळेवर आणि अर्ध्या वेळा उशिरा देऊन ते दाखवायला हवे.

पडद्याआडचे चित्र

२०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील प्रतिष्ठित मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी एका नामांकित नियतकालिकात नऊ प्रयोग प्रसिद्ध केले आणि खळबळ उडाली. एका प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर दोन झाकलेल्या चौकटी दिसत. एकीमागे चित्र, दुसरीमागे मोकळी भिंत. चित्र कुठे असेल ते विद्यार्थ्याने सांगायचे. ते कुठे ठेवायचे हे संगणक त्यानंतर ठरवी आणि चौकट उघडी. मनाला चाळवणाऱ्या शृंगारिक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के अंदाज बरोबर आले. अपेक्षा होती ५० ची. दुसऱ्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी शब्दांची परीक्षा आधी दिली आणि त्यांतल्या काही शब्दांचा सराव नंतर केला. तरी सराव झालेले शब्द परीक्षेत जास्त आठवले होते, असे बेम यांनी मांडले. पेपर देऊन आल्यावर अभ्यास करावा आणि गुण वाढावेत, असाच हा प्रकार!

पडताळे सुरू झाले. शब्दांच्या प्रयोगाला २०१२ मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांच्या हाती यश आले नाही. त्याच वर्षी जेफ गॅलक आणि सहकाऱ्यांनी ३,२८९ जणांवर सात प्रयोग केले. पुढच्या सरावाचा मागच्या परीक्षेवर काही परिणाम दिसला नाही.

मग समर्थक आणि टीकाकार यांनी एकत्र बसून चौकटींच्या प्रयोगाची नियमावली आखली. किती लोक, कोणते गणित, कोणत्या निकालाचा काय अर्थ, सारे आधी जाहीर केले. अंदाज होताच त्याची नोंद सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी जात होती, म्हणजे नंतर कोणाला हात लावता येऊ नये. वेगवेगळ्या देशांतील २,११५ लोकांचे ३७,८३६ अंदाज जमले. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बरोबर अंदाज ४९.८९ टक्के. नाणे उडवले असते तरी असेच काहीसे आले असते.

अ‍ॅबरफानची पत्रे

प्रयोगशाळेचा हा धडा घराच्या उंबरठ्याआतही लागू पडतो. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील अ‍ॅबरफान गावात कोळशाच्या खाणीतील मातीचा डोंगर खचून शाळेवर आला. १४४ जणांचा बळी गेला, त्यांत ११६ मुले होती. मनोविकारतज्ज्ञ जॉन बार्कर तिथे पोहोचले तेव्हा त्यांच्या कानावर आले, की काही जणांना याची चाहूल आधीच लागली होती. त्यांनी वृत्तपत्रातून आवाहन केले आणि ७६ पत्रे आली. कोणाला काळा लोट दिसला होता, कोणाचा जीव गुदमरला होता.

पत्रे लिहिणारे खोटे बोलत होते असे नाही. पण ही पत्रे उत्तर कळल्यानंतर लिहिलेली होती. बातमी कळली की मन मागे जाते, अर्धवट आठवणाऱ्या दहा स्वप्नांतले एक उचलते आणि त्याला बातमीचे कपडे चढवते. बार्कर यांना हे ठाऊक होते. म्हणून १९६७ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’च्या मदतीने पूर्वसूचनांची नोंद करणारे कार्यालय काढले. सूचना आधी यायची, तिच्यावर तारीख-वेळ पडायची, मग वाट पाहायची. काही सूचना लक्ष वेधण्याइतक्या जुळल्या. बाकीच्या ढीगभर विरून गेल्या. दुर्घटना टाळण्याचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही.

बार्कर यांना स्वतःच्या जिवाला धोका असल्याची सूचनाही मिळाली होती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ४४ व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. सूचना खरी ठरली, असे कोणी म्हणेल. पण दिव्याला त्याच्याबद्दलचा अंदाज ऐकू येत नाही. माणसाला येतो, आणि मग त्याच्या मनाचे काय होते ते मोजायला कोणतेही यंत्र नाही. म्हणून ‘तुमच्याबद्दल वाईट स्वप्न पडलं’ असे कोणाला सांगण्यापूर्वी दहादा विचार केलेला बरा.

अशुभ स्वप्नानंतर खरोखरच कोणी गेले, तर ‘मी वेळीच सांगितलं असतं तर?’ ही टोचणी अनेकांना वर्षानुवर्षे पोखरते. त्यांच्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. जाग येताच स्वप्न तारखेसह लिहायचे, आणि महिनाभराने निकालही लिहायचा. खरे ठरले ते आणि खोटे ठरले तेही. खरे ठरलेले स्वप्न मन आपणहून जपून ठेवते. खोटे ठरलेल्याचा हिशेब मात्र वहीलाच ठेवावा लागतो. वहीची पाने भरत गेली, की किती भीती विनाकारण वाहिली ते दिसू लागते.